घंटा आधी, कमान नंतर

पणजीच्या इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चबद्दल कुणीतरी लिहिलंय की पांढरा दर्शनी भाग, जिने आणि घंटा हे सगळं 1619चंच. तसं नाही हो. 1541च्या छोट्या चॅपेलच्या जागी 1619मध्ये चर्च नव्याने उभं राहिलं, एवढं बरोबर. फोटोत सगळ्यात आधी दिसणारे नागमोडी जिने मात्र नंतरची भर आहे.

घंटेची कथा तर वेगळीच. ती मूळची जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन या ख्रिस्ती धार्मिक संघाच्या मठाची. 1835मध्ये पोर्तुगीज सरकारने धार्मिक संघ बंद केले, मठ ओस पडला. घंटा आधी आग्वादच्या दीपगृहात गेली आणि 1871मध्ये पणजीला आली. तिच्यासाठी दर्शनी भागाचा मधला भाग उंच करून कमान काढली. खालून नीट पाहिलंत तर दोन बाजूंच्या बुटक्या मनोऱ्यांपुढे हा मधला भाग जरा जास्तच चढलेला वाटतो, तो म्हणूनच. मला तरी तो आवडतो.

आत गेलात तर व्हाइसरॉयच्या राजवाड्यातल्या चॅपेलमधून 1918मध्ये आणलेली वेदीही चुकवू नका. 8 डिसेंबरच्या फेस्ताला, म्हणजे चर्चच्या वार्षिक सणाला, मात्र निवांत बघायला मिळणार नाही.