गुणगुणतंय म्हणजे अस्सल, असं नाही

'कानाशी धरलं की गुणगुणतं, म्हणजे हे अॅक्युट्रॉन स्पेसव्ह्यू अस्सलच,' असं एकाने म्हटलंय. (अॅक्युट्रॉन म्हणजे बुलोव्हा कंपनीचं जुनं इलेक्ट्रॉनिक मनगटी घड्याळ; स्पेसव्ह्यू म्हणजे त्यातलं डायल नसलेलं, आतलं यंत्र दिसणारं मॉडेल.) मला ते पटत नाही. तो आवाज सेकंदाला ३६० वेळा थरथरणाऱ्या ट्यूनिंग फोर्कचा, म्हणजे धातूच्या दुबेळक्याचा. आतलं '२१४' क्रमांकाचं मशीन चालू आहे, एवढंच त्यावरून कळतं. साध्या अॅक्युट्रॉनची डायल काढून 'स्पेसव्ह्यू' केलेली घड्याळं बाजारात भरपूर आहेत.

आधी मागच्या झाकणावरचा वर्षाचा कोड बघा: एम४ म्हणजे १९६४, एन० म्हणजे १९७०. मशीनवरही तसाच कोड असतो, आणि दोन्ही जुळायला हवेत. माझ्या एका घड्याळाचं झाकण एम३ आणि मशीन एम९ निघालं, फार हळहळलो. वर्षभराचा फरक मी धरत नाही, पण सहा वर्षं?

आणि हो, २१४ला बाजूला चावी नसते. काटे जुळवायची कडी पाठीवर असते.