लाईट आली की काही ग्राहकांना भलताच आयपी पत्ता मिळतो

प्रश्न (रावेर तालुका)
नमस्कार मंडळी. केळीच्या पट्ट्यातल्या चार गावांना मी वायरलेस इंटरनेट पुरवतो. एका सेक्टरवर (टॉवरवरच्या एका दिशेच्या अँटेनावर) तीसेक ग्राहक असून सर्वांच्या गच्चीवरचे रेडिओ ब्रिज मोडमध्ये, म्हणजे सगळी वाहतूक जशीच्या तशी पुढे सोडणारे, आहेत. माझा मायक्रोटिक राउटर १०.२०.०.० च्या पट्ट्यातले पत्ते देतो; परंतु पंधरा दिवसांपासून लाईट जाऊन आली की पाच-सहा जणांना १९२.१६८.०.१०५ असले पत्ते मिळतात आणि त्यांचे नेट बंद पडते. बाकीचे सुरळीत कसे राहतात, हे उमगत नाही.

उत्तर (धुळे)
भाऊ, कोणा ग्राहकाने रेडिओची केबल घरच्या राउटरच्या वॅन पोर्टऐवजी (बाहेरून नेट येते तो) लॅन पोर्टमध्ये (घरातली उपकरणे जोडतात तो) लावलेली असणार, त्यामुळे तो राउटर तुमच्या सेक्टरभर पत्ते वाटत आहे. चालू असलेले उपकरण पत्त्याची निम्मी मुदत सरली की जुन्याच सर्व्हरकडे थेट मुदतवाढ मागते, म्हणून ते वाचते. लाईट आल्यावर मात्र सगळे एकदम नव्याने पत्ता मागतात आणि ज्याचे उत्तर आधी पोहोचेल त्याचाच पत्ता बहुधा स्वीकारतात. अडलेल्या घरी लॅपटॉप थेट रेडिओला जोडा, ‘आयपीकॉन्फिग ऑल’ या विंडोज कमांडमध्ये डीएचसीपी सर्व्हरचा (पत्ते वाटणाऱ्या यंत्राचा) पत्ता पाहा, एआरपी तक्त्यातून (कोणत्या आयपीचा मॅक कोणता ती यादी) त्याचा मॅक, म्हणजे हार्डवेअर पत्ता, घ्या आणि तो कोणत्या रेडिओमागे आहे हे अ‍ॅक्सेस पॉइंटच्या (टॉवरवरच्या रेडिओच्या) ब्रिज होस्ट यादीत, म्हणजे कोणता मॅक कुठून दिसतो त्या यादीत, शोधा. रेडिओ स्यूडोब्रिजमध्ये (मागच्या उपकरणांऐवजी स्वतःचा मॅक पुढे करणाऱ्या मोडमध्ये) असेल तर रेडिओचाच मॅक दिसेल, म्हणजे शोध आणखी सोपा.

उत्तर (चाळीसगाव)
एक सापडला तरी उद्या दुसरा तीच चूक करील, म्हणून खरा उपाय रेडिओ राउटर मोडमध्ये (ग्राहकाचे जाळे आपल्या जाळ्यापासून वेगळे ठेवणाऱ्या) नेणे हाच आहे. तोवर ग्राहकाच्या बाजूने येणारे, यूडीपी ६७ हा स्रोत पोर्ट असलेले, म्हणजे डीएचसीपी सर्व्हरच्या उत्तरांचे, पॅकेट प्रत्येक रेडिओच्या ब्रिज फिल्टरमध्ये अडवा. अ‍ॅक्सेस पॉइंटवर क्लायंट आयसोलेशनही (ग्राहकांचे रेडिओ एकमेकांशी बोलू न देणे) लावा. पण ते त्या एका अ‍ॅक्सेस पॉइंटपुरतेच चालते, दोन सेक्टर एकाच स्विचवर असतील तर त्या पोर्टांनाही एकमेकांपासून तोडावे लागते.

प्रश्नकर्ता
सापडला. किराणा दुकानातल्या राउटरचा निळा वॅन पोर्ट विजेच्या कडकडाटात जळाला होता. दुकानदाराच्या मुलाने केबल शेजारच्या पिवळ्या पोर्टमध्ये लावली आणि दिवा लागला म्हणून काम झाले असे त्याला वाटले. त्यांना नवा राउटर बसवून दिला आहे. अठरा रेडिओंवर फिल्टर लावून झाले, उरलेले रविवारपर्यंत करतो. धुळे आणि चाळीसगावकरांचे मनापासून आभार.