मदत हवी आहे : वीज प्रकल्पातल्या कोळशाचा हिशेब

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा. लेक अकरावी सायन्सला आहे. तिने प्रोजेक्टसाठी विषय घेतलाय : फताटेवाडीचा एनटीपीसी प्रकल्प रोज किती कोळसा जाळतो?

आमचा हिशेब असा. ६६० मेगावॅटचे दोन संच, म्हणजे १३२० मेगावॅट. पूर्ण भाराने २४ तास चालले तर ३ कोटी १६ लाख ८० हजार युनिट. एका युनिटमागे उष्णता २२५० किलोकॅलरी धरली (३८ टक्के कार्यक्षमता), कोळशाचं उष्मांक मूल्य (जाळल्यावर मिळणारी उष्णता) किलोमागे ३६०० किलोकॅलरी धरलं. म्हणजे युनिटला ६२५ ग्रॅम, दिवसाला १९,८०० टन!

आकडा खरा वाटेना म्हणून परवा होटगीकडे मालगाडी बघायला गेलो. पाऊस पडून गेलेला, कोळसा काळाकुळकुळीत चमकत होता. पोरीने बोटांवर डबे मोजले, ५८ भरले. डब्यात ६५ टन धरले तर गाडीत पावणेचार हजार टन. म्हणजे रोज पाच-सव्वापाच गाड्या.

आता अडलंय ते इथे. संच रोज पूर्ण भाराने चालत नाहीत. ७० टक्के भाराला सरळ ७० टक्के कोळसा धरायचा का? कमी भाराला कार्यक्षमता घसरते, मग युनिटमागे किती वाढवायचा? आणि भिजलेल्या कोळशाचं उष्मांक मूल्य कितीने कमी धरायचं? पोरीला हे मनापासून समजून घ्यायचंय. औष्णिक केंद्रात बॉयलरवर काम केलेलं कुणी असेल तर कृपया सविस्तर सांगा. सोमवारी वही द्यायची आहे.