बाहेर किती आहे? सेल्सिअस, फॅरनहाइट आणि आपली फजिती

अमेरिकेत येऊन सहा वर्षं झाली. मैल, पौंड, गॅलन सगळं अंगवळणी पडलं, पण हवेचा आकडा काही पचनी पडत नाही. बातम्यांत ६० ऐकलं की अजूनही पोटात गोळा येतो. तुमचं कसं जमलं? की जमलंच नाही? लिहा.

* * *

पहिल्याच आठवड्यात फोनवर ४५ दिसलं. म्हटलं कडक उन्हाळा! अर्ध्या बाह्यांचा पातळ शर्ट घालून निघालो. दार मागे आपोआप बंद झालं, किल्ली आत. ४५ फॅरनहाइट म्हणजे जेमतेम ७ सेल्सिअस, हे बसथांब्यावर दोन्ही हात काखेत कोंबून कळलं. शेजारच्या आजी लोकरीच्या कोटातून माझ्याकडे एकटक बघत होत्या.

* * *

सेल्सिअसचे फॅरनहाइट करायला दुप्पट करा, ३० मिळवा. १० चे बरोब्बर ५०, २० चे ७० (खरे ६८). चाळिशीत मात्र घोळ होतो, ११० येतात आणि असतात १०४.

* * *

गणित नको असेल तर उलट्या जोड्या पाठ करा. १६ म्हणजे ६१, २८ म्हणजे ८२. मधलं अंदाजाने.

* * *

अहो, पण ताप आपण लहानपणापासून फॅरनहाइटमध्येच मोजतो की! घरात कुणाला १०२ आहे म्हटल्यावर कुणी सेल्सिअस करत बसतं का? मी तीच खुंटी धरली. ९८.६ म्हणजे आपलं अंग. बाहेर १०० झालं की हवेला कणकण आलीय असं समजायचं आणि घरात बसायचं. ७० च्या घरात असेल तर हवेची तब्येत उत्तम.

* * *

फरकाच्या आकड्याला सूत्र लावू नका. 'उद्या पारा १८ अंशांनी उतरणार' ऐकून मी १८ फोनमध्ये टाकले, उत्तर आलं उणे ७.८. घरात सगळ्यांना बर्फाची तयारी करायला लावली. फरक असला की ३२ वजा करायचेच नसतात, नुसतं १.८ ने भागायचं. पारा उतरला १० सेल्सिअसने. बायको अजून ऐकवते.

* * *

आमच्याकडे उलटं. लेक इथेच वाढलेली. सुट्टीतल्या प्रवासाआधी तिकडे ३० आहे म्हटलं, तर तिने बॅगेत हातमोजे भरले.

* * *

धागाकर्ता: उलट्या जोड्या लगेच उपयोगी पडल्या. आत्ता ६१ दाखवतोय. जॅकेट घेतलं.