पुलावरचे ते जास्तीचे दोन रूळ लोकलच्या सगळ्या लाईनला का नकोत? (गार्ड रेल)

नायगावचा_बगळा
रोज वसईच्या खाडीवरून जातो. नायगाव सुटलं की पाणी, मग पाणजू बेट, परत पाणी आणि मग भाईंदर. खिडकी मिळाली तर (वर्षातून चारदा) बाजूच्या ट्रॅककडे बघत बसतो. पुलावर नेहमीच्या दोन रुळांच्या आत अजून दोन रूळ दिसतात, गंजलेले, कारण त्यांच्यावरून चाक कधी जातच नाही. पूल संपला की ते दोघं जवळ येत येत टोकाशी एकत्र होतात आणि संपतात. इतकी वर्षं मला वाटायचं जुने रूळ ठेवायला जागा नसेल म्हणून तिथे टाकून दिलेत 😀

मग वाचून काढलं. ह्याला गार्ड रेल म्हणतात. गाडी रुळावरून घसरायची ती घसरणारच, ह्याचं काम त्याच्या नंतर सुरू होतं. ब्रॉडगेजला मेन रूळ आणि गार्ड रेल यांच्यामध्ये २५० मिमी जागा ठेवतात, ५० इकडे तिकडे चालतं. आता गंमत बघा, गाडी डावीकडे घसरली तर तिला धरतो उजव्या बाजूचा गार्ड रेल. म्हणजे डावं चाक बाहेर पडतं, उजवं चाक आत पडतं आणि त्या २५० च्या फटीत अडकतं, त्याच्यापुढे सरकायचं तर गार्ड रेल आडवा. मी कागदावर काढून बघितलं, चाक जागेवरून साधारण वीतभर सरकतं आणि बस, तसंच स्लीपरवर (रुळांखालच्या आडव्या पट्ट्यांवर) आपटत आपटत पुढे जातं पण खाडीत जात नाही.

आता माझा मुद्दा. हे फक्त पुलावर का? आपल्याकडे खाडी नसली तरी शेजारी दुसरी लाईन असते आणि तिच्यावर दुसरी लोकल. जुन्या लाईनींना दोन ट्रॅकच्या मध्यापासून मध्यापर्यंत कमीत कमी ४२६५ मिमी अंतर चालतं (नवीन कामाला ५३०० लागतं). लोकलचा डबा ३६५८ मिमी रुंद. म्हणजे जिथे किमान अंतर आहे तिथे दोन गाड्यांमध्ये ६०७ मिमी, दोन फूट फक्त. घसरलेला डबा दोन फूट सरकला की समोरून येणारी फास्ट त्याच्यात घुसणार. वीतभरात थांबला तर नाही घुसणार. हिशोब इतका सरळ आहे, मग चर्चगेट-विरार आणि सीएसएमटी-कल्याण पूर्ण लाईनला गार्ड रेल टाकायला काय हरकत आहे?

८_१२_ची_फास्ट
मी शीर्षक वाचून समजलो लाईनीच्या कडेच्या कुंपणाबद्दल आहे, लोक रूळ ओलांडू नयेत म्हणून घालतात ते. ते आधी नीट करा म्हणावं. आमच्या इथल्या भिंतीला भोक पाडून लोकांनी पायवाट केलीय, त्यातून आता स्कूटरपण येईल.

नायगावचा_बगळा
ते वेगळं हो. पण मुद्दा मान्य 😀

रिटायर्ड_कीमन
बगळा साहेब, हिशोब चांगला केलात पण ट्रॅकवर पाय ठेवलेला दिसत नाही. मी आधी गँगमध्ये (रूळ दुरुस्त करणाऱ्या टोळीत), मग कीमन (रोज चालत रूळ तपासणारा), सगळी नोकरी लाईनवर गेली, म्हणून सांगतो.

पहिली गोष्ट, गार्ड रेल हवेत उभी राहत नाही. प्रत्येक स्लीपरला ती धरून ठेवावी लागते, नाहीतर घसरलेल्या चाकाचा पहिला दणका बसला की तीच उखडून येणार. पुलासाठी सिमेंटचे वेगळे स्लीपर येतात, त्यांच्यात गार्ड रेल बसवायची सोय केलेली असते. साध्या स्लीपरला ती सोय नाही. म्हणजे तुम्हाला रूळ टाकायचे नाहीत, आख्खे स्लीपर बदलायचेत.

दुसरी गोष्ट, पॅकिंग. खडी बसवायला मशीन येतं ना पिवळं, ते रुळाच्या दोन्ही बाजूंनी खडीत दांडे खुपसून खडी स्लीपरखाली दाबतं. आतल्या बाजूला गार्ड रेल असेल तर दांडा जाणार कुठून? पुलाच्या अॅप्रोचवर (पुलाच्या अलीकडे-पलीकडे) मशीन यायचं असलं की आधी गार्ड रेल खोला, लेव्हल क्रॉसिंगला चेक रेल (मेन रुळाला अगदी लागून असतो तो आतला रूळ) खोला, मशीन गेलं की परत बसवा. आणि हे सगळं कधी तर शेवटची गाडी गेल्यावर पहिली गाडी यायच्या आत, हातात मिळतात दोन-अडीच तास. ६० किलोमीटर लाईनला हे करा म्हणताय? रविवारचा ब्लॉक मग रविवारपुरता राहील का?

तिसरी. तुमच्या खाडीवरच्या पुलावर वारा येतो म्हणून गार्ड रेल स्वच्छ दिसते. तीच बांद्रा-माहीमच्या मध्ये टाका, त्या दोन रुळांच्या फटीत एका महिन्यात पिशव्या, नारळ, चपला, निर्माल्य सगळं जाऊन बसेल. पावसात पाणी जाणार नाही, खडी चिखल होईल, आणि खडी चिखल झाली की गाडी घसरते. म्हणजे घसरल्यावर वाचवायला टाकलेली वस्तूच घसरायचं कारण होणार.

हिशेबी_डोंबिवलीकर
कीमन काकांना +१. आकडे मी मांडतो. गार्ड रेल ५२ किलोची धरली म्हणजे एक मीटरला ५२ किलो, दोन बाजू, एका किलोमीटरला १०४ टन. चर्चगेट-विरार ६० किमी गुणिले चार लाईनी = जवळपास २५ हजार टन लोखंड, ज्याच्यावरून एकही गाडी जाणार नाही. स्लीपर किलोमीटरला १६६० धरले तर चार लाख स्लीपर बदली. ही फक्त वेस्टर्न, आमची सेंट्रल अजून हिशोबात आलीच नाही (नेहमीप्रमाणे).

लेडीज_स्पेशल
२५ हजार टन ऐकायला मोठं वाटतं पण त्या लाईनवर रोज किती माणसं जातात तेही सांगा की. आणि काका, तुमच्याबद्दल आदर आहेच पण "मेंटेनन्सला त्रास होतो" हे कारण म्हणून मला पटत नाही, त्रास होतो तर डिझाईन बदला ना. जपानमध्ये हेच झालं. २००४ च्या ऑक्टोबरात निगाताच्या भूकंपात शिंकान्सेन (त्यांची बुलेट ट्रेन) २०० च्या आसपास स्पीडला असताना घसरली, नशिबाने कोणी गेलं नाही. त्यानंतर ते लोक गप्प बसले नाहीत. तोकाईदो लाईनवाल्यांनी रुळाच्या आत अगदी जवळ गार्ड बसवायला घेतले, इतके जवळ की चाक उतरूच नये, आणि दुसऱ्या कंपनीने रुळाला हात न लावता डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्यालाच एल आकाराचा हुक लावला जो घसरल्यावर रुळाला पकडतो. खडीही नाही, स्लीपरही नाही, मशीनपण अडत नाही. आपण आपले अजून जुने रूळ वाकवून टाकतोय.

चिंचपोकळी_जंक्शन
जंक्शन नाही तिथे कुठलं हे नावाला विचारू नका. एक दुरुस्ती, वर दोन गोष्टींची खिचडी होतेय. चाक उतरूच नये म्हणून अगदी जवळ लावतात ती चेक रेल, आपल्याकडे ती फार तीव्र वळणावर, २१८ मीटर किंवा त्याहून कमी त्रिज्या असेल तर लागते, आणि लेव्हल क्रॉसिंगला, सांध्यांवर (जिथे गाडी लाईन बदलते) असते. फट ४०-५० मिमीच्या घरात. ती चाकाला पाठीमागून धरते. गार्ड रेल २५० वर, ती उतरलेल्या चाकाला धरते. एक दाराची कडी आहे, दुसरी गॅलरीचा कठडा आहे. जपानचे ते गार्ड कडीच्या जातीचे.

आणि जपानचंच सांगायचं तर २००० साली मार्चमध्ये तोक्योच्या हिबिया लाईनवर गाडी हळू जात असताना वळणावर चाक रुळावर चढलं, घसरलेला डबा समोरून येणाऱ्या गाडीला लागला आणि ५ माणसं गेली. त्यानंतर तिथे २०० मीटर आणि त्याखालच्या वळणांना गार्ड लावायला सांगितलं. बगळ्याला ज्याची भीती आहे तेच घडलं की नाही? शेजारची गाडी. पण उपाय त्यांनी वळणापुरता केला, सगळीकडे लोखंड अंथरलं नाही.

हिशेबी_डोंबिवलीकर
आणि २००५ चं आमागासाकी? ७० च्या वळणावर ११६ ने गाडी घातली, उलटून इमारतीत घुसली, १०७ गेले. उलटणाऱ्या गाडीला गार्ड रेल काय करणार, चाकच हवेत. स्पीड कंट्रोल पाहिजे होता. मुद्दा तोच, पैसा घसरायच्या आधी लावा.

उलट एशेडे विसरू नका. १९९८, जर्मनी, हायस्पीड गाडीच्या चाकाची धाव (चाकावर बाहेरून चढवलेली लोखंडी कडी) तुटली, सांध्यावरच्या चेक रेलमध्ये अडकली आणि ती चेक रेल उपटून डब्याच्या तळातून वर आली. १०१ माणसं. जिथे जास्तीचं लोखंड तिथे जास्तीचा धोका.

नायगावचा_बगळा
एशेडे तुम्ही अर्धंच सांगितलंत. घसरलेला डबा वरच्या रस्त्याच्या पुलाच्या खांबांवर आदळला, पूल गाडीवर कोसळला, बरीच माणसं त्याने गेली. १९७७ ला सिडनीजवळ ग्रॅनव्हिलला तेच, इंजिन घसरलं, पुलाचे आधार उडाले, पूल डब्यांवर, ८३ मेले. आता मला सांगा, मुंबईत लाईनीच्या डोक्यावर किती पूल आहेत? रस्त्याचे, पादचाऱ्यांचे, वर मेट्रो. कितीतरी ठिकाणी खांब दोन ट्रॅकच्या मध्ये उभे. गाडी वीतभरात थांबली तर खांबाला लागत नाही.

शिवाय तुटलेली धाव आपल्याकडे तशी लागू नाही, आपल्या डब्यांची चाकं एकसंध असतात, वेगळी धाव चढवलेली नसते.

रिटायर्ड_कीमन
हां. हे खांबाचं बोललात ते ठीक.

नियमात आताही पूल संपल्यावर अॅप्रोचला गार्ड रेल पुढे नेतात. जिथे स्पीड १०० किंवा वर आहे तिथे पूल संपल्यावर लगेच टोकं जुळवायची नाहीत, पुलाचे स्लीपर जिथपर्यंत टाकलेत तिथपर्यंत न्यायची मग जुळवायची. कारण सोपं आहे, गाडी पुलावर घसरत नाही, बरेचदा आधीच घसरलेली असते आणि तशीच पुलावर येते. ते जुळलेलं टोक म्हणजे होडीचं नाक, आधीच घसरलेल्या चाकाला हळूच वळवून आत घेतं. टोक खाली वाकवून गाडायचं आणि लाकडाचा ठोकळा लावायचा, नाहीतर डब्याखाली लोंबणारी कपलिंग (डबे जोडायची साखळी) त्याच्यात अडकेल. आमच्या मुकादमाचा ह्या ठोकळ्यावर फार जीव. दर पावसाळ्याआधी विचारायचा, ठोकळा आहे का कुजला.

खांबाच्या आधी ३०-४० मीटर तसं नाक करून गार्ड रेल टाकली तर माझी हरकत नाही. तेवढं मशीनच्या आधी खोलता येतं. पण "पूर्ण लाईन" म्हणाल तर मी नाहीच म्हणणार.

लेडीज_स्पेशल
काका पण तुम्ही स्वतःच म्हणताय गाडी आधीच घसरलेली असते. मग ती किती आधी घसरेल हे कोण ठरवणार? ३० मीटरचं नाक आणि गाडी ४०० मीटर मागे उतरलेली असेल, तोवर वीतभराच्या बाहेर सरकली असेल तर नाकाच्या बाहेरूनच जाईल ना. म्हणून म्हणते पूर्ण लाईनला.

रिटायर्ड_कीमन
जाईल. बरोबर आहे. त्याला उत्तर नाही माझ्याकडे, पण म्हणून ६० किलोमीटरचं उत्तर बरोबर होत नाही. पावसात खडी वाहून जाते, वेल्ड तुटते, थंडीत पहाटे रूळ आकसून चीर पडते. ते पकडायला माणूस चालत जातो, अल्ट्रासोनिक मशीन ढकलत माणूस जातो. माणसं वाढवा म्हणा आधी. २०१७ ला आसनगावजवळ दुरांतोच्या पुढ्यात पावसाने दरड आणि चिखल आणून टाकला, तिथे गार्ड रेल काय करणार होती?

चिंचपोकळी_जंक्शन
डब्यांना जागेवर ठेवलं असतं कदाचित. कदाचित नसतं, इंजिन ढिगाऱ्यावर चढलं की कोणाचं ऐकत नाही.

एक अजून गोष्ट कोणी बोलत नाहीये, सिग्नल. ट्रॅक सर्किटवाल्या भागात (जिथे रुळांतून वीज सोडून गाडी कुठे आहे ते ओळखतात) दोन रूळ एकमेकांना लोखंडाने जोडले गेले की सिग्नलला वाटतं गाडी उभी आहे. आत दोन जास्तीचे रूळ, त्यांच्यावर कोणीतरी टाकलेली सळई किंवा छत्रीचा दांडा आडवा पडला की लाल. इन्सुलेशन करता येतं, पुलावर करतातच, पण जितकी लांबी तितकी लफडी. सकाळी ८ ला सिग्नल लाल म्हणजे काय ते तुम्हाला माहितीये.

८_१२_ची_फास्ट
माहितीये 😭 छत्रीचा दांडा हे ऑफिसात कारण म्हणून सांगितलं तर साहेब मला लाल दाखवेल.

हिशेबी_डोंबिवलीकर
बरं मग भंगारातले रूळ वापरून खांबांपाशी करा, खर्च कमी. तसंही गार्ड रेलला जुनेच रूळ लावतात ना?

रिटायर्ड_कीमन
लावतात, पण भंगार म्हणून कुठलाही नाही चालत. गार्ड रेलचा माथा मेन रुळाच्या माथ्यापेक्षा २५ मिमीहून खाली नको. मेन रूळ ६० किलोचा, उंची १७२. आत ५२ किलोचा घातला, उंची १५६, फरक १६, चालला. पण जुना ९० पौंडाचा घातलात तर तो १४३ च्या आतबाहेर, फरक २९, नापास. खाली पॅकिंग द्यावी लागते. आणि मेन रूळ झिजला की हिशोब परत बदलतो. हे टेप घेऊन बसून मोजावं लागतं, इथे टाईप करून होत नाही.

नायगावचा_बगळा
टोमणा पोचला काका. तरी मी पूर्ण लाईन सोडत नाही, फक्त क्रम बदलतो: आधी लाईनीत उभे असलेले खांब, मग खाड्यांचे अॅप्रोच, मग ४२६५ वाल्या जुन्या जागा जिथे वळण आहे, आणि बाकीचं स्लीपर बदलायची वेळ येईल तेव्हा सोयवाले स्लीपरच टाकायचे, रूळ नंतर टाका. स्लीपर तर कधीतरी बदलणारच आहात ना?

रिटायर्ड_कीमन
ते स्लीपर साध्यापेक्षा महाग पडतात. आणि "रूळ नंतर टाका" हे वाक्य मी नोकरीत भरपूर ऐकलंय.

उद्या खिडकी मिळाली तर भाईंदरच्या बाजूचं नाक बघून सांगा, ठोकळा आहे का.

नायगावचा_बगळा
खिडकी मिळाली तर. उद्या सोमवार आहे काका.