प्रीमियम भरला म्हणजे सुटलो असं नाही
वर एकांनी लिहिलंय की शुअरटी बाँडचा (ठेकेदार कामात चुकला तर काम देणाऱ्याला पैसे देण्याची विमा कंपनीची लेखी हमी) प्रीमियम भरला की ठेकेदार निर्धास्त, उद्या क्लेम आला तर कंपनी निस्तरेल. हे अजिबात पटलं नाही. संरक्षण मिळतं ते काम देणाऱ्या मालकाला. आपण फक्त प्रीमियम भरतो. मालकाला दिलेली रक्कम कंपनी नंतर आपल्याकडूनच वसूल करते, आणि छोट्या फर्मच्या बाबतीत भागीदारांच्या सह्या बऱ्याचदा वैयक्तिक नात्यानेही घेतलेल्या असतात. म्हणजे घरदारही त्यात आलं.

अजून कुणी उल्लेख केला नाही तो इन्डेम्निटी करारातल्या, म्हणजे कंपनीचं नुकसान भरून देऊ असं आपण तिला लिहून देतो त्या करारातल्या, तारणाच्या कलमाचा. ठेकेदारांची टेंडरची कागदपत्रं तयार करणं हेच माझं काम, त्यामुळे हे करार सतत डोळ्यांखालून जातात. क्लेम नुसता दाखल झालाय, खराखोटा अजून ठरायचाय, तरी कंपनी तेवढी रक्कम तारण म्हणून मागू शकते, असं त्यात सर्रास लिहिलेलं असतं. क्लेम मिटवायचा की लढवायचा हेही बहुधा तीच ठरवते. बाँड मागताक्षणी देय असेल, म्हणजे मालकाने नुसतं मागितलं तरी पैसे द्यावे लागत असतील, तर बोलणंच खुंटलं. सशर्त असेल तर मालकाला आपला कसूर दाखवून द्यावा लागतो, तिथे भांडायला जागा असते. पण तोंडी ‘साहेबांना सांगितलं होतं’ चालत नाही. ड्रॉइंग उशिरा मिळाल्याचं पत्र (पोच घेतलेलं!), मुदतवाढीचा अर्ज, तारीखवार साइट डायरी, हे सगळं क्लेमची नोटीस येताच, कंपनीने मागायची वाट न पाहता, तिच्याकडे पाठवून द्या.