जावा-येझदी: दिव्याआधी ऑइलचं बघा

जुन्या जावा-येझदी मोटरसायकलींचा कोणता दोष आधी सुधारावा, असं विचारलं की उत्तर येतं: वीज बनवणारा सहा व्होल्टचा डायनॅमो काढून बारा व्होल्टचं किट बसवा, दिवा नीट लागेल. मान्य. मूळ हेडलाइटपेक्षा काजवे बरे. पण माझ्या मते या गाड्यांचा खरा दोष उतारावर कळतो. टू-स्ट्रोक इंजिन, त्याला वंगण देणारं ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं. खंडाळ्याचा घाट उतरताना थ्रॉटल बंद करून गिअरवर गाडी सोडली, की इंजिन जोरात फिरतं, पेट्रोल मात्र नावापुरतं जातं आणि त्याच्यासोबतचं ऑइलही तेवढंच. मग वंगणाअभावी पिस्टन सिलिंडरमध्ये धरतो, म्हणजे अडकून बसतो, आणि आपण नशिबाला बोल लावतो. म्हणून मध्येमध्ये थ्रॉटल थोडा द्यायचा.

मला बदल करू दिला तर राजदूत ३५० या मोटरसायकलसारखा वेगळा ऑइल पंप बसवेन. तो इंजिनच्या फेऱ्यांवर चालतो, थ्रॉटल बंद असला तरी थोडं ऑइल देतोच. जुन्या क्रँककेसवर, म्हणजे इंजिनच्या खालच्या कवचावर, त्याची जागा काढणं सोपं नाही, हेही खरं.

एकाच लिव्हरने किक आणि गिअर ही सोय मात्र कुणी दोष म्हणू नये! गिअर टाकताना क्लच आपोआप सुटतो, हे तर १९६१ पासून म्हैसूरला बनलेल्या या गाड्यांचं वैभव. नवख्याला गाडी दिली की गंमत बघा, किक शोधत बसतो.